आठ महिन्यांची लेक, अंगावरचं दूध, वरचं खाणं आणि रेंगाळलेलं वजन

पहाटवारा:
नमस्कार. लेकीला नुकताच आठवा महिना पूर्ण झाला. जन्माचं वजन २.८ किलो, सहा महिन्यांची होती तेव्हा ६.६ आणि आता ७.० किलो. म्हणजे दोन महिन्यांत फक्त ४०० ग्रॅम. आधी महिन्याला अर्धा किलोच्या वर वाढत होती, त्यामुळे काट्यावरचा आकडा पाहिल्यापासून पोटात गोळा आलाय.

पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध. मग वरचं खाणं सुरू केलं. सध्याचा दिवस असा: सकाळी उठल्या उठल्या पाजते. नंतर पातळ पेज, अकराच्या सुमारास फळांचा रस, दुपारी भाज्यांचं सूप, संध्याकाळी परत पेज. दर वेळी छोटी वाटीभर. ठसका लागेल या भीतीने सगळं मिक्सरमधून काढून गाळून देते. दिवसा अंगावर प्यायला घेतलं तर दोन-चार घोट पिते आणि मान वळवून इकडेतिकडे बघत बसते. रात्री मात्र दोन-तीनदा उठून व्यवस्थित पिते. हल्ली चमचा पुढे आला की ओठ घट्ट मिटते, मग गाणी लावून, मोबाइल दाखवून कसंतरी भरवते.

घरात प्रत्येकाचं मत वेगळं. सासूबाई म्हणतात, दूध आता पांचट झालंय, त्यात काही राहिलं नाही, खाणं वाढव. माझी आई म्हणते, दूध अजिबात कमी करू नकोस. नवरा रोज वजन करून वहीत लिहितो आणि रोजचा आकडा वेगळा येतो.

मला विचारायचंय ते हे. या वयात दूध किती वेळा आणि खाणं किती वेळा? आधी दूध की आधी खाणं? रात्रीचं पाजणं बंद केलं तर दिवसा भूक वाढेल का? फॉर्म्युला (डब्यातलं पावडरचं दूध) सुरू करू का? आणि हे वजन खरंच काळजी करण्यासारखं आहे का?

जुईची_वेल:
अगं, आधी थोडी माहिती दे म्हणजे नेमकं सांगता येईल. लांबी किती आहे? दिवसाला किती डायपर ओले होतात? बसते का, रांगायला लागली का? मधे ताप, जुलाब, सर्दी काही झालं होतं का? आणि सहाव्या महिन्याचं वजन आणि आताचं वजन एकाच काट्यावर केलंय का?

पहाटवारा:
लांबी ६७ सेमी. ओले डायपर सहा-सात. आधाराशिवाय बसते, पोटावर सरकत अख्खं घर फिरते, हाताला लागेल ते तोंडात घालते. हसरी आहे. सातव्या महिन्यात आठवडाभर सर्दी-ताप होता, तेव्हा खाणं-पिणं दोन्ही कमी झालं होतं. सहाव्या महिन्याचं वजन दवाखान्यातल्या काट्यावरचं, आताचं घरच्या.

काजवा:
मी लहान मुलांच्या आहाराच्या क्षेत्रात काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. बाळाला न तपासता कुणी निदान करू नये, तेव्हा हे तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याला पूरक म्हणून वाचा.

आधी वजनाचं. जागतिक आरोग्य संघटनेचे वाढीचे तक्ते २००६ साली आले. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतल्या, अंगावर पिणाऱ्या निरोगी मुलांच्या मोजमापांवरून ते केलेले आहेत. त्याआधी सर्रास वापरला जाणारा १९७७ चा अमेरिकी तक्ता मुख्यतः बाटलीच्या दुधावर वाढलेल्या बाळांचा होता. अंगावर पिणाऱ्या बाळांची वाढ तीन-चार महिन्यांनंतर थोडी सावकाश होते, त्यामुळे त्या तक्त्यावर ती उगाचच मागे पडल्यासारखी दिसायची. दवाखान्यात कुठला तक्ता वापरतात ते जरूर विचारा.

२००६ च्या तक्त्यात आठ महिन्यांच्या मुलीसाठी मधली रेषा ७.९ किलोची आहे. ७.० किलो म्हणजे साधारण १५ वा पर्सेंटाइल. शंभर निरोगी मुली वजनाप्रमाणे ओळीने उभ्या केल्या तर पंधरा जणी हिच्यापेक्षा हलक्या असतील, आणि त्या पंधरा जणीही निरोगीच. वयाच्या मानाने 'कमी वजन' म्हणतात ती हद्द या वयाच्या मुलीसाठी ६.३ किलो. सहाव्या महिन्यातलं ६.६ हेही साधारण याच पट्ट्यातलं होतं. म्हणजे तुमची लेक आपल्या रेषेच्या आसपासच चालली आहे. थोडी खाली झुकलीय, पण त्याला आजारपणाचा एक आठवडा आणि दोन वेगळे काटे अशी दोन कारणं समोर आहेत. ६७ सेमी लांबीला ७ किलो हे सामान्य पट्ट्यात बसतं.

वेग मंदावल्याची तुम्हाला भीती वाटते. मधल्या रेषेवरच्या मुलीचंच बघा. जन्मापासून तीन महिन्यांपर्यंत ती सुमारे २.६ किलो वाढते. पुढच्या तीन महिन्यांत दीड किलो. सहा ते नऊ महिन्यांत ९०० ग्रॅम आणि नऊ ते बारामध्ये जेमतेम ७०० ग्रॅम. वेग कमी होणं हा वाढीचाच भाग आहे. आधी महिन्याला अर्धा किलो वाढणारं बाळ या वयात २५०-३०० ग्रॅम वाढलं तर तो आजार नसतो.

रोजचं वजन मात्र आजपासून थांबवा, ही कळकळीची विनंती. ओला डायपर, नुकतंच प्यायलेलं दूध, न झालेली शी, एवढ्यानेच शे-दोनशे ग्रॅम इकडेतिकडे होतात. बाळाची दिवसाची खरी वाढ या वयात दहा ग्रॅमच्या आसपास असते, ती रोजच्या आकड्यात दिसणारच नाही. काळजीचं वेगळं कारण नसेल तर सहा ते बारा महिन्यांत दोन महिन्यांतून एकदापेक्षा जास्त वजन करू नये असं ब्रिटनमध्ये सांगतात. मी तुम्हाला महिन्यातून एकदा म्हणेन. एकच काटा, डायपर काढून आणि साधारण त्याच वेळेला.

साखरझोप:
काजवाताईंनी वजनाचं छान समजावलं. मला मात्र पहाटवाराच्या खाण्याच्या यादीबद्दल बोलायचंय, कारण गोम तिथे आहे असं मला वाटतं.

पेज, रस, सूप, परत पेज. चारही वेळा पोटात जातंय ते मुख्यतः पाणी. हिशेब करून बघ. दीडशे मिलि पेजेत साधारण दहा ग्रॅम पीठ असतं. दहा ग्रॅम पिठातून मिळतात सुमारे ३५ कॅलरी. तेवढ्याच, म्हणजे दीडशे मिलि अंगावरच्या दुधात असतात साधारण १०० कॅलरी. बाळाच्या पोटात एका वेळी किलोमागे ३० मिलि मावतं असं धरतात, म्हणजे सात किलोच्या बाळाच्या पोटात जास्तीत जास्त दोनशे मिलि. ते पोट ३५ कॅलरीच्या पेजेने भरलं की पुढचे दोन तास १०० कॅलरीच्या दुधाला जागाच नाही. दिवसातून चारदा असं झालं तर खाणं वाढूनही बाळाला मिळतंय कमीच. सूप तर पेजेपेक्षाही रिकामं.

म्हणून सासूबाई आणि आई दोघींचं थोडं थोडं बरोबर आहे. खाणं वाढवायचं, पण वाटीची संख्या वाढवून नाही, वाटीतला ऐवज वाढवून. आणि दूध कमी करायचं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचा ढोबळ हिशेब असा आहे की अंगावर पुरेसं पिणाऱ्या बाळाला सहा ते आठ महिन्यांत वरच्या खाण्यातून दिवसाला सुमारे २०० कॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३०० आणि वर्षानंतर ५५०. सहा ते आठ महिन्यांत एकूण गरज ६०० च्या आसपास असते. म्हणजे या वयात दोन तृतीयांश भाग अजून दुधाचाच. आठव्या महिन्यात दिवसातून दोन-तीन वेळा घट्ट खाणं पुरतं, नवव्यापासून तीन-चार वेळा.

घट्ट म्हणजे किती? चमचा तिरका केला तर घरंगळून न पडता चमच्यातच राहील इतकं. मऊ शिजवून कुस्करलेली डाळ आणि भात, बटाटा, रताळं, केळं, नीट शिजवलेलं अंडं, मऊ मासा, बारीक केलेलं मांस, घरात जे खाल्लं जातं त्यातलं. त्यात एक छोटा चमचा तेल, तूप किंवा लोणी घातलं की चाळीसेक कॅलरी वाढतात आणि पोटातली जागा जवळजवळ वाढत नाही. रस बंद कर, फळ कुस्करून दे. गाळणी कपाटात ठेवून दे. आठ महिन्यांच्या बाळाला गुठळ्या चालतात, नव्हे, त्या हव्यात. फार उशिरापर्यंत सगळं वाटून-गाळून दिलं तर पुढे घास चघळायची नाखुशी राहते.

मीठ आणि साखर वर्षापर्यंत नको. मध तर वर्षाच्या आत अजिबात नाही, बोटुलिझमचा (जिवाणूंच्या विषामुळे होणाऱ्या गंभीर आजाराचा) धोका असतो.

पहाटवारा:
वाचून हायसं वाटलं आणि डोळे पण भरून आले. पेजेचा हिशेब मी असा कधी केलाच नव्हता. पण ठसक्याचं काय? गुठळी आली की ती उबळ काढते, डोळ्यांत पाणी येतं, माझा जीव जातो.

जुईची_वेल:
उबळ आणि घशात अडकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्रत्येक आईबाबांनी भरवायला बसण्याआधी समजून घ्यायला हवं. उबळ येते तेव्हा आवाज होतो, बाळ खोकतं, चेहरा लाल होतो, जीभ बाहेर येते आणि घास पुढे ढकलला जातो. हे बाळाचं संरक्षण आहे. या वयात उबळ जिभेच्या बऱ्याच पुढच्या भागातून सुरू होते, म्हणून वारंवार येते. अशा वेळी शांत बसायचं, तोंडात बोट घालायचं नाही. अडकतं तेव्हा मात्र आवाज बंद होतो, रडता-खोकता येत नाही, ओठ निळसर पडतात. तिथे क्षणभरही थांबायचं नसतं. एक वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली ठेवून पाठीवर पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यावर पाच दाब, असं आलटून पालटून, आणि दुसऱ्या कुणीतरी लगेच रुग्णवाहिकेला फोन. हे प्रत्यक्ष शिकून घे, वाचून पुरत नाही. घरात बाळाला भरवणाऱ्या प्रत्येकाला येऊ दे.

अख्खे दाणे, अख्खी द्राक्षं, कच्चं गाजर, सफरचंदाचे कडक तुकडे नकोत. बाळ सरळ बसलेलंच हवं. आडवं झोपवून भरवायचं नाही, आणि एकटं सोडायचं नाही.

उंबरठा:
मी दोन मुलं आणि तीन नातवंडं वाढवली आहेत, म्हणून माझेही दोन शब्द. आधी दूध पाजलं की मूल खाणार कसं? पोट भरलेलं मूल चमच्याकडे बघत नाही. आधी खाऊ घाल, वरून दूध दे. आणि रात्रीचं पाजणं हळूहळू कमी कर, म्हणजे सकाळी कडकडून भूक लागेल. आम्ही असंच केलं आणि मुलं धडधाकट आहेत.

साखरझोप:
काकू, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण इथे बाळ आठ महिन्यांचं आहे आणि दिवसाचं दूध आधीच घटलंय. अशात खाणं आधी दिलं तर दूध अजून घटेल. आणि रात्रीचं बंद केलं तर सध्या ती जिथून सगळ्यात जास्त पितेय तेच दार बंद होईल. निदान नऊ महिन्यांपर्यंत तरी आधी दूध, मग तास-दीड तासाने खाणं, असं ठेवावं.

उंबरठा:
माझ्या धाकट्या नातवाला असं आधी दूध देऊन बघितलं होतं. तो दहा महिन्यांचा होईपर्यंत घासाला तोंड लावत नव्हता आणि रक्त कमी निघालं. म्हणून सांगते हो, सरसकट नियम नको.

काजवा:
दोघींच्या म्हणण्यात तथ्य आहे, फरक बाळाचा आहे. जे बाळ खातंय पण दूध सोडत चाललंय, त्याला आधी दूध. जे बाळ दिवसभर दूध पितंय आणि घासाला हातच लावत नाही, त्याला खाणं आधी, दूध नंतर. पहाटवारांची लेक पहिल्या गटातली आहे. नऊ-दहा महिन्यांनंतर हा क्रम तसाही आपोआप बदलत जातो.

उंबरठाताईंनी रक्ताचा मुद्दा काढला तो फार मोलाचा आहे. बाळ जन्माला येताना लोहाचा साठा घेऊन येतं, तो सहा महिन्यांच्या सुमाराला संपत येतो. आईच्या दुधातलं लोह बाळाच्या अंगी चांगलं लागतं, पण ते लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी असतं. सात ते बारा महिन्यांच्या बाळासाठी अमेरिकेत रोजची शिफारस ११ मिलिग्रॅमची आहे. हे अंतर दुधाने भरून निघणारं नाही. वरचं खाणं सुरू करायचं सगळ्यात मोठं कारण हे आहे, कॅलरीपेक्षाही. मांस, मासे, अंडं, डाळी, कडधान्यं यांतलं काही ना काही रोज पोटात जायला हवं. शाकाहारी घरात डाळीसोबत क जीवनसत्त्व असलेलं फळ द्यावं, त्याने लोह जास्त शोषलं जातं. लोहाचे थेंब द्यायचे का आणि किती, हे डॉक्टर ठरवतील. लोह कमी पडलं की भूक मंदावते आणि भूक मंदावली की लोह आणखी कमी पडतं, म्हणून वजन रेंगाळलेल्या बाळाचं हिमोग्लोबिन एकदा बघून घेतलेलं बरं. अंगावर पिणाऱ्या बाळाला वर्षापर्यंत रोज ४०० युनिट ड जीवनसत्त्व देण्याची शिफारस असते, तेही चालू आहे ना ते बघा.

रात्रीबद्दल. या वयात बाळाला दिवसा जग बघायचं असतं, म्हणून ते दिवसाची कसर रात्री भरून काढतं. चोवीस तासांचा मिळून विचार करा. रात्रीचं एकदम तोडू नका, आधी दिवसाचं सुधारा. पडदे ओढलेली शांत खोली, फोन बाहेर, बाळ झोपेतून नुकतं जागं होतंय किंवा झोपेला आलंय अशी वेळ. तेव्हा ती बरंच पिईल.

आणि दूध पांचट होत नाही. आठव्या महिन्यातही त्यात शंभर मिलिला ६५-७० कॅलरी असतात. सासूबाईंना हे जरूर सांगा, पण प्रेमाने. त्यांना नातीचीच काळजी आहे.

निळी_शाई:
मी फक्त एकाच गोष्टीवर लिहिणार आहे. मोबाइल आणि जबरदस्तीने भरवणं.

ओठ मिटणं, मान फिरवणं, चमचा हाताने ढकलणं हे बाळाचं बोलणं आहे. 'बास' म्हणायला तिच्याकडे दुसरं काही नाही. त्या 'बास'वर आपण मोबाइल धरला की तोंड उघडतं खरं, पण घास जातोय हे तिला कळतही नाही. भूक लागणं आणि पोट भरणं हे जे तिला उपजत कळतं, ते आपण पुसून टाकतो. आणि जबरदस्तीचा घास गेला की दुसऱ्या दिवशी चमचा बघूनच रडू येतं. ओठ घट्ट मिटायला ती 'हल्ली' लागली असं पहाटवाराने लिहिलंय, तो शब्द मला महत्त्वाचा वाटला.

काय आणि कधी द्यायचं ते आपण ठरवावं, किती खायचं ते बाळाने. वीस-पंचवीस मिनिटांच्या वर बसवू नकोस. तिच्या हातात मऊ तुकडा दे, सांडू दे, माखू दे. आपण जेवतो तेव्हा तिलाही शेजारी बसव. नवीन चव पहिल्यांदा थुंकली म्हणजे आवडली नाही असं नसतं. आठ-दहा वेळा समोर आल्यावर मुलं खायला लागतात, कधी त्याहूनही जास्त वेळा द्यावं लागतं. हा धीर धरणं वजनाची धास्ती असताना फार अवघड जातं, मला ठाऊक आहे. तरीही धरायला हवा.

गोधडी:
इथे बहुतेकांनी धीर दिला आहे आणि पहाटवाराच्या बाबतीत तो योग्यच वाटतो. पण हा धागा पुढे दुसरी कुणी आई वाचेल, तिच्यासाठी दुसरी बाजू लिहून ठेवते.

माझा मुलगा सहा महिन्यांचा असताना मधल्या रेषेवर होता. नऊ महिन्यांपर्यंत तो तक्त्यातल्या पर्सेंटाइलच्या दोन मोठ्या रेषा ओलांडून खाली आला. खाणं घट्ट होतं, दूध चालू होतं, तरीही. त्याला अधूनमधून ताप यायचा आणि जायचा, दात येताहेत असंच सगळे म्हणायचे. डॉक्टरांनी लघवी तपासायला सांगितली तेव्हा संसर्ग निघाला. उपचार झाले आणि त्याची भूक परत आली.

म्हणून सांगते, आकडा लहान असणं वेगळं आणि आलेख रेषा तोडून खाली येणं वेगळं. वजन घटत असेल किंवा दोन रेषा ओलांडून खाली येत असेल, ओले डायपर कमी झाले असतील, बाळ मलूल असेल, सतत उलट्या-जुलाब असतील, वारंवार ताप असेल, पिताना धाप लागत असेल किंवा घाम येत असेल, येत असलेल्या गोष्टी करेनासं झालं असेल, तर खाण्याचे प्रयोग करत बसू नका. डॉक्टरांकडे जा. एकाने 'सगळं ठीक आहे' म्हटलं आणि मन मानत नसेल तर दुसरीकडे जा. आईबाबांना काही जाणवत असेल तर ते सांगण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे.

काजवा:
गोधडी, अगदी नेमकं लिहिलंत. त्यात एकच भर घालते. गहू सुरू झाल्यानंतर काही आठवड्यांत पोट फुगणं, सतत पातळ शी आणि वजन थांबणं असं दिसलं तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा, सीलिअ‍ॅकची (गव्हातल्या प्रथिनामुळे आतड्यांना इजा होण्याच्या आजाराची) तपासणी करता येते. मात्र तपासणी होईपर्यंत गहू आपल्या मनाने बंद करू नका, नाहीतर तपासणीत ते सापडत नाही.

पहाटवारांचा फॉर्म्युलाचा प्रश्न राहिला होता. सध्याच्या आकड्यांवरून मला तरी गरज दिसत नाही. आधी खाणं घट्ट करा, दिवसाचं पाजणं सावरा, महिनाभराने वजन बघा. डॉक्टरांनी तपासून द्यायला सांगितलं तर मात्र मनाला लावून घेऊ नका, बाळाची भूक भागणं महत्त्वाचं. फक्त फॉर्म्युला देताना पाजणं कमी होणार नाही किंवा त्या वेळी दूध काढलं जाईल हे बघा, कारण जितकं दूध बाहेर निघतं तितकंच नवीन तयार होतं.

चांदणचुरा:
मी पुढच्या महिन्यात परत कामावर जाणार आहे, मुलगा सात महिन्यांचा आहे. त्याच्या दिवसाच्या दुधाचं कसं करू? काढलेलं दूध किती वेळ टिकतं? पंपने मला फार थोडं निघतं, त्यामुळे आत्तापासूनच धास्ती आहे.

जुईची_वेल:
खोलीत, २५ अंशांपर्यंत तापमान असेल तर चार तास. फ्रिजमध्ये आतल्या बाजूला, दारात नव्हे, चार दिवस. फ्रीझरमध्ये सहा महिन्यांपर्यंत. वितळवलेलं दूध फ्रिजमध्ये २४ तासांत संपवायचं, परत गोठवायचं नाही. गरम करायचं तर भांडं कोमट पाण्यात ठेवून. मायक्रोवेव्ह नको, त्यात कुठे थंड कुठे चटका देणारं राहतं. बाळाने तोंड लावलेलं उरलं तर दोन तासांत टाकून द्यायचं.

पंपने किती निघतं त्यावरून किती दूध येतं हे ठरत नाही, बाळ पंपपेक्षा जास्त ओढतं. निघायच्या आधी पाज, घरी आल्या आल्या पाज, रात्री पाज. मधल्या वेळात घट्ट खाणं आणि काढलेलं दूध वाटी-चमच्याने किंवा कपाने. तुझा मुलगा रात्री जास्त प्यायला लागला तर दचकू नकोस, तो तुझी दिवसाची गैरहजेरी भरून काढत असेल.

पहाटवारा:
सगळ्यांचे मनापासून आभार. मधे लिहायला जमलं नाही. काय बदललं ते सांगते. रस आणि सूप बंद. तीन वेळा घट्ट खाणं, त्यात एक वेळ अंडं किंवा डाळ, प्रत्येक वेळी चमचाभर तेल. दिवसा झोपेतून उठली की अंधाऱ्या खोलीत पाजते, तेव्हा खरंच छान पिते. मोबाइल बंद केल्यावर पहिला आठवडा फार कठीण गेला, दोन-तीन घास खाऊन ती तोंड फिरवायची आणि मी तिथेच थांबायचे. सासूबाई शेजारी बसून स्वतःच्या ताटातलं कुस्करून पुढे ठेवायला लागल्या, त्यांच्या हातचं जास्त खाते.

हिमोग्लोबिन थोडं कमी निघालं, डॉक्टरांनी लोहाचे थेंब दिलेत. नऊ महिन्यांचं वजन दवाखान्याच्या काट्यावर ७.३ आलं. डॉक्टर म्हणाले, आपल्या रेषेवर आहे, असंच चालू ठेवा. रात्री अजून दोनदा उठते.

उंबरठा:
उठू दे गं. लेक खातेय, खेळतेय, बास झालं. सासूबाईंच्या हातचं खातेय हे वाचून फार बरं वाटलं.

दीपस्तंभ:
धागा वाचला, खूप उपयोगी आहे. एक बाबा म्हणून विचारतो. आमचा मुलगा सात आठवडे आधी जन्मला. आज तो नऊ महिन्यांचा आहे. गेल्या आठवड्यात जुलाब झाले, आता थांबलेत, पण वजन घटलंय. त्याला अंगावरचं दूध आणि खाणं दोन्ही चालू आहे. तक्त्यावर तो फार खाली दिसतो. आता खाणं हलकं ठेवायचं की वाढवायचं?

काजवा:
आधी तक्त्याचं. वेळेआधी जन्मलेल्या बाळाचं वय दोन वर्षांपर्यंत दुरुस्त करून मोजायचं असतं. तुमच्या मुलाचं दुरुस्त वय सव्वासात ते साडेसात महिने. त्या वयाच्या जागी वजनाची खूण करा, चित्र बरंच वेगळं दिसेल. कुठल्या वयावर खूण करतात ते दवाखान्यातही विचारून घ्या.

जुलाब चालू असताना आणि नंतरही अंगावरचं दूध थांबवायचं नसतं, उलट जास्त वेळा पाजायचं. आता जुलाब थांबलेत तर खाणं हलकं नको. पुढचे दोन आठवडे रोज एक जेवण जादा द्या. थोडं थोडं, पण घट्ट आणि तेल-तूप घातलेलं. आजारातून उठलेल्या मुलांना बहुधा जास्त भूक लागते, ती वाया घालवू नका. जुलाबात झिंक दिलं असेल तर ते जुलाब थांबले तरी १० ते १४ दिवस पूर्ण करायचं असतं, डॉक्टरांनी किती दिवस सांगितलंय ते चिठ्ठीवर बघा. दोन आठवड्यांनी परत वजन करा. तोपर्यंत घटलेलं भरून निघालं नाही, किंवा मधेच जुलाब परत सुरू झाले, शीमध्ये रक्त दिसलं, लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी दाखवून या.

दीपस्तंभ:
धन्यवाद. झिंकच्या गोळ्या अजून पाच दिवस आहेत, आम्ही बंद करणार होतो. चालू ठेवतो. ती गोळी चमचाभर काढलेल्या दुधात विरघळवून दिली तर चालेल ना? पाण्यातून देतो तेव्हा थुंकून टाकतो.

काजवा:
हो, चालेल. काढलेल्या दुधात विरघळवा, पण चमचाभरच दूध घ्या, म्हणजे सगळं पोटात जाईल. दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर डॉक्टरांना फोन करून परत द्यायचं का ते विचारा.